परेराकाका आणि त्यांचं ‘कसं’

परेराकाकांसमोर ‘बाहेर ऊन आहे’ एवढंच म्हणून सुटका नसायची.

“आहे ते मला पण दिसतं,” जिन्यातच अडवून ते म्हणायचे. “कसं आहे?”

“कडक आहे, काका.”

“इंग्लिशमध्ये?”

इथे माझी बोबडी वळायची. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात चार वर्षांची तेजू, आणि वरच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभे असलेले परेराकाका. शेवटी मी कशीबशी ‘हॉट’ म्हणायची, ते त्याला एक ‘व्हेरी’ जोडायचे आणि मग रस्ता मोकळा व्हायचा. मस्कतच्या वादी अदाईतल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, त्यामुळे या नाक्यावरून रोज जावंच लागे.

इनास परेरा मूळचे वसईचे. मस्कतच्याच कुरुम भागातल्या एका मोठ्या हॉटेलात ते लिनन रूमचे सुपरवायझर होते. म्हणजे चादरी, टॉवेल, अभ्रे आणि टेबलक्लॉथ यांच्यावर त्यांचं राज्य चालायचं. जगाकडे बघायची रीतही तिथूनच आलेली. “वेट-ड्राय, क्लीन-डर्टी, टॉर्न-न्यू,” ते बोटांवर मोजत सांगायचे, “एवढे शब्द आले की फाइव्ह स्टार हॉटेल चालतं. बाकी सगळी मॅनेजर लोकांची बडबड.” त्यांचा एक सिद्धांतच होता. वस्तू बोटाने दाखवता येते. काम हातवारे करून दाखवता येतं. पण वस्तू कशी आहे, हे मात्र तोंड उघडून सांगावंच लागतं. म्हणून परक्या देशात पाय ठेवल्यावर माणसाने आधी विशेषणं शिकावीत, मग बाकीचं.

मला तर आधीचंही येत नव्हतं आणि बाकीचंही. मी अकोल्याची, मराठीतून बी.ए. झालेली. इंग्रजी वाचलेलं कळायचं, पण बोलता यायचं नाही. माझा नवरा प्रकाश लांब खाबुरा गावाकडे रस्त्याच्या कामावर इंजिनिअर होता. तो गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा आणि शनिवारी पहाटे परत जायचा. मधल्या दिवसांत दुकानात बोटाने दाखवायचं आणि शेजाऱ्यांकडे बघून हसायचं, यावर माझं भागत होतं. पण हिवाळ्यानंतर तेजूच्या शाळेच्या प्रवेशाची मुलाखत होती. इंडियन स्कूलमध्ये आईला आत बोलावतात आणि इंग्रजीत प्रश्न विचारतात, असं बिल्डिंगमधल्या बायकांनी मला सांगून ठेवलं होतं. आई बोलली नाही तर पोरीची जागा जाणार, असंही. तेव्हापासून माझी झोप उडाली होती. हे मी प्रकाशलासुद्धा धड सांगितलं नव्हतं, पण जिन्यात एकदा परेराकाकांसमोर बोलून गेले. ते नुसते ‘हं’ म्हणाले.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावर एक ब्राझीलचं जोडपं राहायला आलं. नवरा जोएल, एका क्लबात फुटबॉल शिकवायला आलेला. बायको सेलिया, माझ्याच वयाची. दोघांना पोर्तुगीजशिवाय काही येत नव्हतं. जिना चढताना सेलियाला एका दारावर ‘परेरा’ अशी पाटी दिसली, आणि बाईला आकाश ठेंगणं झालं. तिने बेल वाजवली. काकांनी दार उघडल्याबरोबर तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि जे बोलायला सुरुवात केली, ते थांबायचं नाव नाही.

काकांनी मला हाक मारली. “बाय, जरा ये गं. ही माझी कोणीतरी नातेवाईक आलीय असं वाटतंय.”

घोटाळा कळायला बराच वेळ लागला. शेवटी काकांनी छातीवर हात ठेवून मान हलवली. “नेम पोर्तुगीज. टंग वसई,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत, “पोर्तुगीज लोक वसई सोडून गेले त्याला अडीचशे वर्षं झाली गं. जाताना नावं विसरून गेले. आम्ही अजून वापरतोय.”

सेलियाचा चेहरा एवढासा झाला. आपल्या भाषेत बोलणारं कोणीतरी सापडलं, या आनंदात ती आली होती, आणि ते माणूस तिच्यासमोर उभं राहून नाही म्हणत होतं. तिचे डोळे भरले. काका गडबडले. काय करावं न सुचून त्यांनी तिच्या हातातल्या किल्लीकडे बोट केलं आणि म्हणाले, “चावी?” सेलिया चमकली. “शावी!” मग तिने माझ्या पिशवीतला बटाटा उचलला. “बटाटा!” काकांनी कॅलेंडरवरच्या डिसेंबरावर बोट ठेवलं, “नाताळ.” तिने “नाताऊ!” म्हणून टाळी वाजवली. पाच मिनिटांत दोघांची गाडी जोरात सुटली.

“बघ,” काका मला म्हणाले, “नावं आपली एकच आहेत. कमी आहेत ती विशेषणंच. उद्यापासून संध्याकाळी क्लास. तू पण यायचं.”

“मी कशाला, काका?”

“एकट्या पुरुषाच्या घरी परकी बाई येणार, कोणीतरी बाईमाणूस नको? शिवाय ती बिचारी एकटी आहे, लाजते. तू नुसती सोबतीला बस.”

सोबतीला बसायला इंग्रजी लागत नाही. मी तेजूला घेऊन जाऊ लागले.

क्लासचं सामान म्हणजे हॉटेलने रद्द केलेले टॉवेल. एक ओला, एक कोरडा, एक जाड, एक विरलेला. शिवाय एक उशी, एक खजुरांची बशी आणि एक स्टीलचा पेला. पेला शिक्षेसाठी होता. सेलिया ओला टॉवेल हातात घेऊन म्हणायची, “टॉवेल वेट.” काका पेल्यावर चमचा मारायचे, टण्ण! “वेट टॉवेल! फर्स्ट कसं, देन काय. बेल वाजते, मग माणूस घरात येतो. माणूस येऊन बसल्यावर बेल वाजवतात का?” तिच्या भाषेत बेल माणसामागूनच वाजत असणार, कारण पेल्याला काही उसंत नव्हती. ‘कार रेड’, टण्ण. ‘टी हॉट’, टण्ण. खालच्या मजल्यावरचे मलबारी भाऊ एकदा विचारायला आले की वर कुल्फीवाला येतो का.

सुट्टीच्या दिवशी जोएल यायचा. धिप्पाड गडी, पण काकांसमोर बसताना गुडघे जवळ घेऊन बसायचा. आपले खेळाडू कसे आहेत हे सांगताना तो म्हणाला, “प्लेअर्स लेझीज.”

चमचा दोनदा वाजला. “फर्स्ट लेझी, देन प्लेअर्स. अँड नो एस! वन लेझी प्लेअर, इलेव्हन लेझी प्लेअर्स. सेम लेझी!” मग त्यांनी खूण केली, जवळ या. “इंग्लिश अ‍ॅडजेक्टिव्ह इज बॅचलर. नो वाइफ, नो चिल्ड्रन. टॉल मॅन, टॉल वुमन, टॉल पीपल. ऑलवेज अलोन.” आणि मला मराठीत, “आपल्याकडे बघ. मोठा, मोठी, मोठं, मोठे. सगळं खटलं बरोबर घेऊन फिरतं. यांच्या पोर्तुगीजचं पण तसंच आहे म्हणे. म्हणून त्यांना इंग्लिश रिकामं रिकामं वाटतं.”

‘गुड’ आणि ‘नाइस’ या दोन शब्दांना त्या घरात बंदी होती. “गुड म्हणजे हॉटेलचा पांढरा टॉवेल. कुठल्याही खोलीत टाका, चालतो. मला तुमच्या घरातला टॉवेल दाखवा.”

आता सेलियाला एक वाईट खोड होती. अडली की ती काकांकडे न बघता माझ्याकडे बघायची. “दिस पिलो… सॉफ्ट? हार्ड?” आणि माझा हात दाबायची. आता ती बिचारी अडलेली, मी गप्प कशी बसणार? मी हळूच ‘सॉफ्ट’ म्हणायची. मग ती विचारायची, तुझी मुलगी? ‘स्मॉल’. तुझी भाजी? ‘स्पायसी’. तुझा नवरा? मी लाजून ‘फार’ म्हणाले, म्हणजे लांब. काका हसले नाहीत. “करेक्ट,” म्हणाले. असं करता करता दोन शब्द चार झाले, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी सेलियाशी भांडतेय. ओमानी हलवा ‘टू स्वीट’ की ‘जस्ट स्वीट’ यावरून. इंग्रजीत. काका खजूर खात बसले होते. चमचा त्यांनी हातातही घेतला नव्हता.

मुलाखतीच्या दिवशी प्रकाशला येता आलं नाही, साइटवर काँक्रीट ओतायचं होतं. सेलिया माझ्याबरोबर आली आणि बाहेरच्या बाकावर तेजूची पाण्याची बाटली धरून बसली. आत मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि पहिलाच प्रश्न टाकला, “टेल मी, हाऊ इज युवर डॉटर?”

कशी आहे! अहो, एवढंच तर मला येत होतं.

“स्मॉल गर्ल,” मी म्हणाले. “लाऊड व्हॉइस. क्लीन हँड्स, डर्टी नीज. ब्रेव्ह अ‍ॅट होम, शाय आउटसाइड. व्हेरी, व्हेरी स्टबर्न.”

मॅडम हसल्या. “अँड द मदर?”

“नर्व्हस,” मी म्हणाले. मग तर त्या खूपच हसल्या, आणि तेजूला प्रवेश मिळाला.

परतताना टॅक्सीत मी सेलियाला मिठी मारून म्हटलं, बरं झालं, तुला सोबत म्हणून मी क्लासला येत राहिले. सेलिया गोंधळली. “नो, नो. मिस्टर परेरा टेल मी, माय नेबर इज शाय. यू आस्क हर. ऑलवेज आस्क हर. शी हॅव बिग इंटरव्ह्यू.”

त्या माणसाने दोघींना एकच काम सांगितलं होतं. मला म्हणाले, तिला सांभाळ. तिला म्हणाले, हिला सांभाळ. मी उरलेला रस्ता खिडकीबाहेर बघत बसले. कोणी आपल्यावर उपकार करावेत आणि ते आपल्याला कळूही नयेत म्हणून एवढी खटपट करावी, असं माझ्या बाबतीत तोवर झालं नव्हतं.

संध्याकाळी हलवा घेऊन मी काकांकडे गेले. त्यांनी सगळी उत्तरं पुन्हा म्हणायला लावली. ‘डर्टी नीज’वर खूश झाले. मी आनंदात होते, सहज विचारून गेले, “काका, तुमची ग्लोरिया कशी आहे हो?”

ग्लोरिया म्हणजे वसईला, आईच्या माघारी मावशीकडे वाढलेली त्यांची एकुलती एक मुलगी. तिचा ते फारसा विषय काढत नसत.

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. “स्मॉल,” म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. “नाही, आता ती शाळेत शिकवते. स्मॉल कशी असेल? दोन वर्षांनी सुट्टीला जायचो ना, दर वेळी निराळीच पोरगी दार उघडायची. ओळख होईपर्यंत परत निघायची वेळ. तिची आई गेली, मी मातीला गेलो आणि चार दिवसांत ड्यूटीवर आलो. त्यानंतर गेलोच नाही. फोनवर विचारतो, कशी आहेस. ती म्हणते, ‘ऑल गुड, पपा.’” ते हसले, पण ते हसणं मला बघवेना. “खरं सांगू, बाय? माझ्याकडे तिचं एक पण विशेषण नाही.”

त्या उन्हाळ्यात आम्ही देशात गेलो, तेव्हा अकोल्याची गाडी पकडायच्या आधी मी एक दिवस काढून वसईला गेले. ग्लोरियाने मला आधी दारातच उभं केलं. मग आत घेतलं, जेवू घातलं, आणि संध्याकाळी स्टेशनपर्यंत सोडायला आली.

परत आल्यावर मी काकांसमोर जाऊन बसले. तेही बसले, हात मांडीवर ठेवून.

“टॉल,” मी सुरुवात केली. “थिन. कर्ली हेअर. लाऊड लाफ. स्ट्रिक्ट टीचर. फास्ट वॉकर, मी मागे राहत होते.”

ते एकेक शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होते. मग त्यांनी विचारलं, “अँग्री?”

नाही म्हणावं असं फार वाटलं. पण त्यांच्यासमोर चुकीचं विशेषण कसं सांगणार?

“येस, काका. अँग्री.”

“करेक्ट,” ते म्हणाले. “असायलाच पाहिजे.” पुढच्या आठवड्यात त्यांनी सुट्टीचा अर्ज टाकला.

नाताळच्या दोन दिवस आधी फोन वाजला. वसईहून. नमस्कार नाही, हॅलो नाही.

“टॉल, करेक्ट,” काका म्हणाले. “कर्ली, करेक्ट. थिन, राँग.”

“राँग? काका, मी बघितलं ना तिला!”

“तू एक दिवस बघितलं. मी रोज बघतोय. थिन नाही गं, बाय. टायर्ड. पोरगी दमलीय. शाळा, शिकवण्या, मावशीचं आजारपण, सगळं एकटीच ओढतेय. मी हॉटेलला कळवलंय, खलास, आता येत नाही.” मागून कोणीतरी मोठ्याने विचारलं, “पपा, कोणाशी बोलताय? चहा गार झाला!” आणि काका मला घाईघाईने म्हणाले, “बघ, कशी ओरडते.”

मला त्यांना थँक यू म्हणायचं होतं. मराठीत, इंग्रजीत, जमेल त्या भाषेत. या माणसाने मला बोलायला शिकवलं होतं, आणि त्या क्षणी माझ्या तोंडून एक शब्द फुटेना.