ओठ दाखव!

आमच्या शाळेचे वेखंडे गुरुजी कुणी भेटलं की रामराम नाय, नमस्कार नाय, आधी बोलायचे, "ओठ दाखव!" शाळा तपासायला आलेल्या साहेबालाही सवयीनं तेच बोलले, नि त्या बिचाऱ्यानं दाखवले पण.

याला कारण अलका. वरच्या पाड्यातली, दुसरीतली पोर. शेंगदाणा तोंडात गेला की हिचे ओठ टमाट्यासारखे फुगायचे, श्वास लागायचा. डॉक्टरनं सांगितलं, दाण्यानं पोरगी जायची एखाद दिवशी. तवापासून शाळेत दाणा बंद. गुरुजी सकाळी पोरांचे खिसे उलटे करायचे, हात धुवून घ्यायचे, नि दुपारची खिचडी पहिली स्वतः खायचे. चाखायची चिमूटभर, तर हे ताटभर! बोलायचे, "तपासणी आहे ही." पन्नाशीचा बिनलग्नाचा माणूस, शाळेमागं एका खोलीत राहायचा.

खिचडी माझी बायको हौसा रांधायची. ती वारली नि पळी माझ्या हातात आली. मला चूल फुंकण्यापलीकडं काय येत नव्हतं. पहिल्या दिवशी खाली करपली, वर कच्ची. गुरुजींनी ताट पुसून खाल्लं. "दाणा नाय. पास!"

मग स्वाइन फ्लूचं साल आलं. हुकूम निघाला, तोंडाला फडकं बांधल्याशिवाय शाळेत यायचं नाय. मी हौसाचं लुगडं फाडून पोरांना फडकी दिली. पेटीत ठेवून करणार काय होतो? एक तुकडा माझ्याकडं ठेवला.

गुरुजींची मात्र पंचाईत. ओठ फडक्याखाली! मग त्यांनी पोरं शेताच्या बांधावर दोन-दोन हात लांब उभी केली. खालनं ओरडायचे, "फडकं खाली! ओठ दाखव! फडकं वर!" एस्टीवाला गाडी हळू करून बघायचा.

एक दिवस अलकाचं फडकं चिखलात पडलं. मी खिशातलं माझं काढून बांधलं तिला. घटकाभरानं बांधावरनं आवाज आला, "फडकं खाली!" नि मग आवाजच बंद. पोरीचे ओठ सुजलेले. तवा मला आठवलं. आदल्या दिवशी त्याच फडक्यात मी भाजलेले दाणे बांधून शेतावर नेले होते.

गुरुजींनी अलकाला फटफटीवर पुढं घेतली, मला मागं, नि किन्हवलीचा दवाखाना गाठला. सुई दिली. दुपारी सूज उतरली तशी पोरगी बोलली, "गुरुजी, आता तुमी ओठ दाखवा!" गुरुजींनी फडकं खाली केलं. ओठ थरथरत होते.

मी पळी शाळेत टाकून दिली. असला आंधळा माणूस पोरांच्या अन्नाला नको. घरी बसलो.

पुढं साथीपायी शाळेला आठ दिवस सुट्टी लागली. दुपारी गुरुजी दारात उभे, हातात शाळेची पळी.

"तात्या, खिचडी टाका. तपासायचीय."

"पोरं नाय, शाळा नाय, तपासायचं काय?"

"सोमवारी पोरं येतील. तुमचा हात बसायला पायजे."

टाकली. ओट्यावर दोन हात लांब बसून दोघं जेवलो. मी विचारलं, "खरं सांगा गुरुजी, रोज करपायची ना?"

"करपायची की. पण खोलीत मला वाढतं कोण?" ताट पुसून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ओठ दाखवा, तात्या."

दाखवले. लय दिवसांनी हसत होते, त्याला मी काय करू?