उसन्या शंका

चर्चमधली रविवारची उपासना आटोपून मिस्त्री घरी पोचले, तेव्हा ताई आपल्याजवळच्या चावीने दार उघडून आत येऊन बसल्या होत्या आणि मिस्त्रींच्या चहाच्या पुडीला नावं ठेवत होत्या. मिस्त्रींनी टोपी खुंटीला अडकवली, चपला काढल्या, आणि चपला काढून होईपर्यंत पहिला प्रश्न येऊन आदळलासुद्धा.

"आज काय सांगितलं तुमच्या पाळकाने?"

"प्रार्थनेवर होतं."

"देवाला सगळं आधीच ठाऊक असतं म्हणता ना? मग त्याला परत सांगायचं कशाला? त्याला आठवण करून द्यायला लागते का?"

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत कधी पडलाच नव्हता. "विचारून सांगतो," ते म्हणाले.

ही त्यांची धंद्यातली सवय होती. मिस्त्री शिलाई मशीन दुरुस्त करत. जे आपल्याला कळत नाही त्यावर थाप मारायची नाही, सुटा भाग मिळतो का ते बाजारात विचारायचं आणि मग गिऱ्हाईकाला सांगायचं, हे त्यांचं तत्त्व. देवाच्या बाबतीतही त्यांनी तेच चालू ठेवलं होतं. फरक एवढाच की तिथे बाजार म्हणजे पाळकसाहेब होते.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे चुकलेली पायरी दिसली की त्यांना खाज सुटे. ताईंचे यजमान, म्हणजे भावोजी, गेले तेव्हा चर्चच्या मंडळीतली माणसं सांत्वनाला आली आणि महिनाभर येतच राहिली. एक बाई म्हणाल्या, देवाला जी फुलं आवडतात ती तो आधी खुडतो. ताई म्हणाल्या, मग तुमच्या घरची बाग एवढी शाबूत कशी? त्या दिवसापासून त्यांनी चर्चची पायरी चढणं सोडलं. मिस्त्रींनाही बजावून ठेवलं होतं, "माझं नाव तिथे काढलंस तर याद राख. ती सगळी परत माझ्या दारात येतील. मग मी तुझ्याही दारात यायची नाही."

ही धमकी साधी नव्हती. मिस्त्रींचं लग्न जमता जमता राहून गेलेलं. तयार कपड्यांच्या दिवसांत मशीन दुरुस्तीला आणणारेही कमी झालेले. सोमवार ते शनिवार त्यांच्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज म्हणून नसे. कधी कधी हाताला काम नसतानाही ते एखादं मशीन नुसतंच चालवत, तेवढीच खटखट. अख्ख्या आठवड्यात माणूस असा एकच यायचा, तो म्हणजे ताई, आणि ताई यायच्या त्या मागच्या प्रश्नाचं उत्तर घ्यायला आणि पुढचा प्रश्न टाकायला. म्हणून मिस्त्री उत्तरांच्या मागे जिवाच्या आकांताने लागत. उत्तर आणलं नाही तर ताई कंटाळतील आणि यायच्या बंद होतील, अशी त्यांना धास्ती होती.

आता ताईंचं नाव काढायचं नाही म्हटल्यावर प्रश्न कुणाचा म्हणून विचारायचा? मिस्त्रींनी सरळ आपलाच म्हणून विचारला. यात काही चुकतंय असं त्यांना वाटलं नाही. गिऱ्हाईकाचा भाग आणायला ते स्वतःच तर जात.

पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच बदलून आले होते, आणि शिकलेलं सगळं अजून त्यांच्या डोक्यात ताजं होतं. त्यांनी मिस्त्रींना खुर्ची दिली आणि भरभरून सांगितलं. मिस्त्रींनी ते आपल्या भाषेत बसवून घेतलं आणि रविवारी ताईंना दिलं, "लेकरू दिवसभर कुठे पडलं-झडलं ते आईला कळलेलंच असतं. पण ते जवळ येऊन सांगतं तेव्हाच तिला बरं वाटतं."

ताईंनी चहाचा घोट घेतला. "हं," त्या म्हणाल्या. म्हणजे पैकीच्या पैकी नाहीत, पण पास. "आणि मला सांग, जन्मभर चोऱ्या करायच्या, शेवटच्या घटकेला माफी मागायची आणि सरळ स्वर्गात. मग आम्ही जन्मभर नेमाने वागलो त्याचं काय?"

मिस्त्री पुन्हा पाळकसाहेबांकडे. मग पुन्हा ताईंकडे. मग ज्यांनी येशूचं नाव कधी ऐकलंच नाही त्यांचं काय, हा प्रश्न घेऊन पुन्हा पाळकसाहेबांकडे. पहिल्या प्रश्नाला पाळकसाहेबांनी हसून दार उघडलं होतं. आता मिस्त्रींची टोपी फाटकात दिसली की ते आतल्या आत एक छोटी प्रार्थना करून घेत.

खरा घोळ झाला तो त्र्येकत्वाच्या वेळी. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे ऐकून ताई म्हणाल्या होत्या, "एक अधिक एक अधिक एक बरोबर एक? पोरांनी असं लिहिलं असतं तर मी कान उपटले असते." या खेपेला मात्र मिस्त्रींना उत्तर स्वतःच सुचलं. वरचा दोरा, खालचा दोरा, आणि दोघांचा मिळून टाका. वेगळे म्हटलं तर वेगळे, एक म्हटलं तर एक. आनंदाने त्यांना दोन घास जास्त गेले. फक्त एकदा तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं म्हणून ते पाळकसाहेबांकडे गेले.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझं मलाच सुचलं."

"मिस्त्री, हे पाखंड आहे. जुनंच आहे, पण पाखंड."

मिस्त्रींना वाईट वाटलं, पण ते पाखंड असल्याचं नव्हे, जुनं असल्याचं.

पुढच्या रविवारी बायबलमधला शास्त्रपाठ वाचायला मिस्त्री नेहमीप्रमाणे उठले, तर गायनमास्तर आधीच पुढे जाऊन वाचू लागले होते. मिस्त्री अर्धे उभे, अर्धे बसलेले, तसेच राहिले आणि मग गुडघा चोळल्यासारखं करून खाली बसले. कित्येक वर्षं ते वाचन त्यांच्याकडे होतं. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी त्यांचा हात हातात घेऊन, थोडे दिवस विश्रांती घ्या, असं फार मायेने सांगितलं. त्याआधी त्यांनी सगळ्यांसमोर एक लांबलचक प्रार्थना केली होती. आपल्यातला एक वृद्ध भाऊ संशयाच्या अंधारात चाचपडतो आहे, त्याला हात दे, अशी. सगळ्यांनी हळूच वळून मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनीही वळून मागे पाहिलं, कोण बिचारा आहे म्हणून. मागे भिंत होती.

सोमवारपासून त्यांच्या घरी रीघ लागली. महिला मंडळाच्या अध्यक्षबाई सुपाचं भांडं घेऊन आल्या आणि ते संपेपर्यंत समोर बसून राहिल्या, जणू संशय पोटातून उगवतो. गायनमास्तर आले आणि संध्याकाळी त्यांनी गीतं म्हटली, सगळी कडवी. त्यांची बायको शिलाई मशीन घेऊन आली, बिघडलं आहे म्हणून. मिस्त्रींनी ते उघडलं, सुई पाहिली, पट्टा पाहिला, तेल घातलं, चिंधीवर टाका घालून बघितला. मशीन ठणठणीत होतं. आजारी कोण समजलं जातंय, ते त्यांच्या हळूहळू लक्षात आलं.

सगळं सांगून मोकळं व्हावं असं त्यांना रोज सकाळी वाटे. माझा विश्वास जागेवर आहे, प्रश्न दुसऱ्याचे आहेत, एवढं म्हटलं की झालं असतं. पण लगेच पुढचा प्रश्न आला असता, कुणाचे? आणि मग ताई गेल्या असत्या. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती मान्य करताना त्यांना लाज वाटे. दार वाजलं की त्यांना बरं वाटायचं. सूप पिताना समोर माणूस बसलेलं बरं वाटायचं. विश्वास असताना इतक्या वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं. तो गेला म्हटल्यावर घरात खुर्च्या पुरेनात.

शनिवारी निरोप आला की उद्या उपासनेनंतर पाळकसाहेब, अध्यक्षबाई आणि गायनमास्तर तिघं मिळून येतील आणि काय तो निकाल लावतील. पण रविवारी दुपारी ताई येणार. त्यांनी ताईंना फोन लावला, उद्या येऊ नकोस म्हणून सांगायला. पण "येऊ नकोस" हे शब्द त्यांच्या तोंडातून काही केल्या फुटेनात. शेवटी त्यांनी हवापाण्याचं विचारलं आणि फोन ठेवला.

व्हायचं तेच झालं. तिघं येऊन बसले. अध्यक्षबाई नेमक्या ताईंच्या खुर्चीत बसल्या. मिस्त्री आपल्या कामाच्या स्टुलावर, दोन मशीनच्या मधे. पाळकसाहेबांनी एकेक प्रश्न मायेने काढायला सुरुवात केली. तुम्ही म्हणाला होता, प्रार्थनेची गरजच काय. तुम्ही म्हणाला होता, चोराला स्वर्ग का. तुम्ही म्हणाला होता, एक आणि एक आणि एक. मिस्त्रींनी मान खाली घातली होती, त्यामुळे दारात ताई कधी येऊन उभ्या राहिल्या ते त्यांना दिसलं नाही. दिसल्या तेव्हा ताईंच्या हातात पिशवी होती, आणि आपल्या वर्गाची प्रश्नपत्रिका दुसऱ्याच शाळेत सापडावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

आता ताई वळतील आणि निघून जातील, मिस्त्री धरूनच चालले. जिन्यावर त्यांची पावलं वाजतील, आणि मग पुढचे सगळे रविवार.

ताईंनी पिशवी जमिनीवर ठेवली. "याचा विश्वास गेला असं कोण म्हणतंय?" त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला होता. गायनमास्तर नकळत ताठ बसले.

"ताई, त्यांच्या मनात काही शंका—"

"प्रार्थना कशाला, हेच ना? लेकरू काय करून आलं ते आईला माहीत असतं, पण ते जवळ येऊन सांगतं तेव्हा तिला बरं वाटतं. चोराचं म्हणाल, तर कुणी उशिरा आत आला याचा राग यावा इतके आपण आत बसून कंटाळलोय का? आणि ज्यांनी नाव ऐकलं नाही, त्यांची काळजी त्यांना घडवणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त असणार. ही सगळी उत्तरं मला याने दिली आहेत. माझ्या प्रश्नांना. प्रश्न माझे आहेत. याला आयुष्यात एक शंका आली नाही, ती यायला डोकं लागतं."

पाळकसाहेबांचा चेहरा मात्र उजळत गेला. आपलीच उत्तरं आईचं आणि लेकराचं रूप घेऊन परत आली आहेत, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. "फार सुंदर," ते म्हणाले. "मिस्त्री, हे तुम्ही आधी का नाही बोललात? येत्या रविवारी पाठ तुम्हीच वाचायचा. आणि ताई, तुम्ही उपासनेला का येत नाही?"

"आले की तुम्ही सगळे माझं सांत्वन करता म्हणून."

अध्यक्षबाईंनी काहीतरी फुलांबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि ताईंच्या नजरेने ते मिटलं. थोड्याच वेळात तिघं उठले. एक भाऊ सापडल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर होता. गायनमास्तरांनी बायकोचं मशीन खांद्यावर घेतलं, आणि अध्यक्षबाईंनी जाताना ओट्यावरचं सुपाचं भांडं आठवणीने उचललं. मिस्त्री बरे झाले होते, आता कुणाला यायचं कारण उरलं नव्हतं.

दार लागलं. मिस्त्रींना पाठ परत मिळाल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण ते दुसराच हिशोब करत होते. ज्या बाईने सगळी उत्तरं एका दमात म्हणून दाखवली, तिला आता विचारायला काय उरलं? एका दुपारी मंडळीही गेली आणि ताईही.

"एक अधिक एक अधिक एकचं उत्तर तू त्यांना दिलं नाहीस," ते चाचरत म्हणाले. "ते राहिलंय अजून. मी विचारून सांगतो. पुढच्या रविवारी."

"नको विचारूस. पुरे झालं आता."

मिस्त्रींनी हातातला पेचकस खाली ठेवला. "ताई, मला करमत नाही," ते म्हणाले. "उत्तर असो नसो, तू येत जा. आठवडाभर मी कुणाशी बोलत नाही."

ताई एकदम उसळल्या. "मग हे सरळ बोलायला तुझी जीभ झडली होती का रे? अं? दर शनिवारी डोक्याला हात लावून बसते मी, उद्या या बारक्याला काय विचारू म्हणून. या वयात तीन पुस्तकं वाचली मी त्यापायी. नुसतंच यायचं कसं? तू म्हणाला असतास, हिला एकटीला घर खायला उठतं म्हणून येते."

"मी नसतो म्हणालो."

"मला काय माहीत."

मिस्त्रींना हसूही येईना आणि रडूही. "म्हणजे एकही प्रश्न खरा नव्हता?" त्यांनी विचारलं.

ताई आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. अध्यक्षबाईंनी सरकवलेली उशी त्यांनी पुन्हा जागेवर ठेवली. "एक होता," त्या म्हणाल्या. "तो तुला मुद्दाम विचारला नाही. तू बिचारा घेऊन धावत सुटला असतास."

"आता विचार."

"हे आजारी होते तेव्हा यांच्यासाठी मी रात्ररात्र जागून मागितलं होतं. मनापासून मागितलं होतं रे. मग त्याने का नाही ऐकलं?"

हा भाग कुठल्याच बाजारात मिळणारा नव्हता, हे मिस्त्रींना पाहताक्षणी कळलं. पाळकसाहेबांकडे जायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांनी स्टूल ओढून ताईंच्या खुर्चीजवळ घेतलं आणि बसले.

"माहीत नाही गं," ते म्हणाले.

ताईंनी मान हलवली. मग त्या रडल्या, भावोजी गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि मिस्त्रींनी त्यांना गप्प बस म्हटलं नाही. पुष्कळ वेळाने त्यांनी पदराने डोळे पुसले आणि चहाची पूड बदल म्हणून सांगितलं. मिस्त्री उठून आधण ठेवायला गेले. बाहेर दिवे लागले होते. दर रविवारी या वेळेला ताई आपल्या घरी पोचलेल्या असत, पण आज दोघांपैकी कुणीच घड्याळाकडे पाहिलं नाही.