खाकी अंगात, बाटली हातात

गुणवंतराव बोरकुटे यांनी ज्याला पाजायचं ठरवलं तो प्यायला नाही, असं उभ्या आयुष्यात एकदाही झालं नव्हतं. हे त्यांचंच म्हणणं. सरकारी पशुदवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर म्हणून त्यांची नोकरी झाली. दातखीळ बसलेल्या म्हशी, लाथाडे गोऱ्हे, आईनं नाकारलेली वासरं, एकदा तर जंगलातून आणलेलं चितळाचं पाडस, सगळ्यांना त्यांनी पाजलं होतं. निवृत्तीनंतरही दर वर्षी यात एखाद्‌दोन जनावरांची भर पडत असे.

त्यामुळे सून दिव्यानीची बाळंतपणाची रजा संपली आणि पाच महिन्यांच्या बाबूला दिवसा बाटलीनं दूध कोण पाजणार, असा प्रश्न घरात निघाला, तेव्हा प्रश्न पुरता निघण्याआधीच गुणवंतरावांनी उत्तर देऊन टाकलं.

"मी हावो ना. त्यात काय हाये?"

त्यात बरंच काही होतं. दिव्यानी वनरक्षक. मुलगा प्रणित नोकरीला बल्लारपूरला, घरी फक्त रविवारी. गुणवंतरावांची बायको वच्छला धानाच्या कापणीत अडकलेली. बाबू बाटलीनं प्याला नाही तर दिव्यानीला बिनपगारी रजा वाढवावी लागणार होती, आणि तिच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं की रजा वाढली तर तिच्या ताब्यातलं जंगलाचं बीट दुसऱ्याला जाईल, मग जागा रिकामी असेल तिथं जावं लागेल. जागा रिकामी होती ती सिरोंचाकडे. सिरोंचा घरापासून इतकं लांब, की दर आठवड्याला जाऊन-येऊन करायचं म्हटलं असतं तर बाबूचे दात येताना तिला हप्त्याहप्त्यानं पाहावे लागले असते.

सकाळी निघताना दिव्यानीनं फ्रिज उघडून दाखवला. दह्याच्या भांड्यामागं दोन बाटल्या. पहाटे उठून तिनं दूध काढून ठेवलं होतं.

"मामाजी, गॅसवर नका ठेवू. गरम पाण्याच्या गंजात बाटली उभी करा. मनगटावर थेंब टाकून पाहा. त्याले झोपवून पाजू नका, अर्धं बसवून धरा. बाटली आडवी धरा, म्हणजे तो ओढीन तेवढंच येईल. तो थांबला का तुम्ही थांबा. मंग खांद्यावर घेऊन ढेकर काढा."

"हो."

"अन् पाजताना त्याच्याशी जास्त बोलू नका."

हे शेवटचं गुणवंतरावांना जरा लागलं. रोग्याशी बोलत राहणं हा त्यांच्या उपचाराचाच भाग होता. म्हशींनी कधी तक्रार केली नव्हती.

"सूनबाई, तू जंगल सांभाळ. इथलं मी पाह्यतो."

दिव्यानी गेली, वच्छला विळा घेऊन शेतात गेली, आणि गुणवंतरावांनी काम हाती घेतलं. दूध गरम केलं, मनगटावर थेंब टाकला. मनगट अनेक वर्षं फिनाईलमध्ये बुडालेलं असल्यामुळे त्याला काही कळेना, म्हणून थेंब ओठांवर टाकून पाहिला. कोमट होता. मग बाबूला खाटेवर उताणा झोपवला, मानेखाली उशी सरकवून मान वासरासारखी सरळ केली आणि गळ्यावरून दोन बोटं हळूहळू फिरवू लागले.

"हे पाय बाबू, असाच एक गोऱ्हा होता. तोंड उघडेच ना. मालक म्हणे, गुणवंतभाऊ, हा गेला. मी म्हटलं..."

बाबूनं गोऱ्ह्याची गोष्ट लक्ष देऊन ऐकली आणि तोंड मिटलं. पुढं आणखी दोन गोष्टी झाल्या. तोंड मिटलेलंच.

गुणवंतरावांनी बाटली उजेडात धरून निदान केलं. दोष निपलात होता. एवढ्याशा भोकातून कोणाच्या पोटात काय जाणार? त्यांनी सुई तापवली आणि भोक सरकारी मापाचं केलं.

पुढच्या प्रयत्नाला दूध नळासारखं आलं. बाबूला ठसका लागला, चेहरा लालभडक झाला आणि गुणवंतरावांचा पांढरा पडला. त्यांनी त्याला झटकन उचलून खांद्यावर घेतलं. बाबूचं काही बिघडलं नाही. त्यानं श्वास घेतला आणि तो सगळा रडण्यात वापरला. दूध मात्र उशीत, बनियानात आणि बाबूच्या दोन्ही कानांत समान वाटलं गेलं होतं. एक बाटली संपली.

तेवढ्यात दिव्यानीचा फोन आला.

"प्याला का, मामाजी?"

"पिऊन राह्यला."

"मंग रडते कोण?"

गुणवंतरावांनी बाबूला फोनपासून लांबच्या खांद्यावर घेतलं.

"मामाजी, दुपारपर्यंत नाई प्याला तं तसं सांगा. मी साहेबायले रजेचा अर्ज देईन. त्याले उपाशी ठेवून मले नाई जमणार ड्युटी." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

रडणं ऐकून शेजारच्या गुणाबाई कुंपणावरून डोकावल्या आणि मग फाटकातून आतच आल्या.

"काऊन रडवून राह्यले लेकराले?"

"मी नाई रडवून राह्यलो. तो आपल्या मनानं रडून राह्यला."

"अवो भाऊ, त्याले मायचा वास पायजे. सुनेचं कापड घ्या अंगावर. अन् त्या मिशा झाका पहिले. मलेच भेव लागते, ते तं लेकरू हाये." एवढं सांगून गुणाबाई आपल्या चुलीवर भात आहे म्हणून निघून गेल्या.

दुसरी बाटली म्हणजे शेवटची बाटली. निपल दुसरं होतं. त्याच्या भोकाला हात लावायचा नाही, असं गुणवंतरावांनी स्वतःला बजावलं आणि सुनेचं कापड शोधायला आत गेले. दोरीवर साडी होती. साडीकडं त्यांनी पाहिलं आणि लगेच दुसरीकडं पाहिलं. गाऊन होता. गाऊनकडं तर पाहिलंच नाही. सासऱ्यानं सुनेचा गाऊन घालून दारापुढच्या छपरीत बसावं यापेक्षा सगळं घरदार सिरोंचाला हलवलेलं बरं.

मग खुंटीवर तो दिसला. खाकी शर्ट. काल दिव्यानी हजर व्हायला गेली तेव्हा घातलेला, अजून न धुतलेला. गुणवंतरावांनी क्षणभर विचार केला. लुगडं बाईचं असतं, धोतर पुरुषाचं असतं. खाकी सरकारची असते. आणि सरकारची सेवा त्यांनी जन्मभर केली होती.

शर्ट अंगात गेला, पण मोठ्या नाराजीनं. बाह्या कोपरापाशी थांबल्या. बटणं लावायला पोट आत ओढावं लागलं आणि लावल्यावर ते बाहेर सोडता येईना. मिशांवरून आपला खांद्यावरचा दुपट्टा करकचून बांधला. अशा थाटात गुणवंतराव छपरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.

बसल्यावर कळलं, की या शर्टात वाकता येत नाही. वाकता येत नाही म्हणून बाबूला मांडीवर आडवा पाडता येईना. तो आपोआप हाताच्या खोबणीत अर्धा बसला. कोपर वर जाईना म्हणून बाटली आडवीच राहिली. आणि पोट आत, दुपट्टा तोंडावर, त्यामुळे बोलण्याचा प्रश्नच नव्हता.

बाबूनं रडणं थांबवलं. खिशावरच्या चकचकीत नावाच्या पट्टीकडं पाहिलं, दुपट्ट्याकडं पाहिलं. निपल ओठांना लागलं. त्यानं तोंड उघडलं, आणि प्यायला लागला. थोडं प्याला, थांबला. गुणवंतराव थांबले. दुसरं करता येण्यासारखं काही नव्हतं. पुन्हा प्याला.

नेमक्या याच वेळी लटारू आला.

लटारू पलीकडच्या टोलीवरचा, चार घरांच्या वस्तीतला. सायकलला चोरून तोडलेल्या सागाच्या चार बल्ल्या, लांबलचक वासे, बांधून चोरवाटेनं चालला होता. त्याची चोरवाट गुणवंतरावांच्या दारावरून जात असे, कारण गार्डबाई सकाळी जंगलात गेल्या की त्यांच्या घराइतकी सुरक्षित जागा साऱ्या बीटात नव्हती. आज त्याच दारात खाकी बसलेली. तोंड बांधलेलं, पाठ ताठ, डोळे थेट त्याच्यावर. हातातला बाबू कुंपणाच्या वर दिसत नव्हता.

लटारूनं सायकल तिथंच आडवी केली, फाटकातून आत आला आणि बल्ल्या अंगणात ठेवून हात जोडले.

"साहेब, गोठा पडला जी. त्याच्यासाठीच नेऊन राह्यलो."

'अरे, मी गुणवंत हावो, ढोरं पाह्यत होतो तो' असं सांगावं असं गुणवंतरावांना फार वाटलं. पण बाबूची आता लय लागली होती. त्यांनी नुसत्या भुवया उडवल्या. जा म्हणून.

लटारूनं मान खाली घातली.

"अजून दोन हायेत साहेब. तणसीच्या ढिगाखाली."

भुवया पुन्हा उडाल्या. या खेपेला कळवळून.

"आणतो जी," म्हणत लटारू गेला आणि घेऊन आला. मग बाबू ढेकरासाठी थांबला आणि गुणवंतरावांनी काळजीनं कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा लटारूला तळ्याकाठच्या तीन आठवल्या. शर्टाचं दुसरं बटण ताणून रुतलं आणि गुणवंतरावांनी वेदनेनं डोळे मिटले, तेव्हा त्याला साळ्याच्या घरच्या पाच आठवल्या. अंगणाचा डेपो होत चालला होता. लटारू मधूनमधून हात जोडून उकिडवा बसे आणि साहेब काही बोलत नाहीत हे पाहून आणखीच घाबरे.

सुकलूनं हे दृश्य रस्त्यावरून पाहिलं. त्याच्या उभ्या धानात डुकरं शिरली होती, पंचनाम्यासाठी तो दिव्यानीला विचारायला आला होता. तो आत आलाच नाही. सरळ पानठेल्यावर गेला.

हे गुणवंतरावांना नंतर कळलं. पानठेल्यावर सुकलू म्हणाला, की गार्डबाईच्या घरी तोंड बांधलेला साहेब आला आहे आणि अंगणात सागाच्या बल्ल्या पडल्या आहेत. ठेल्यापासून शेतापर्यंत जाताना साहेबाचं भरारी पथक झालं आणि बल्ल्यांचा ट्रक. रेंज ऑफिसला फोन पोचला तोवर दिव्यानीच्या घराखालून तळघर निघालं होतं. आपल्याला न कळवता पथक आलंच कसं, म्हणून दिव्यानीचे साहेब, वनपरिक्षेत्र अधिकारी, जीपमध्ये बसले आणि जाताजाता बीटावरून दिव्यानीलाही घेतलं. नोकरीवर परत आल्याचा तिचा पहिला पूर्ण दिवस होता, आणि चोरीचा माल तिच्या स्वतःच्या अंगणात होता.

जीप थांबली तेव्हा दुसरीकडून वच्छलाही हातात विळा घेऊन पोचली होती. मागं पानठेला अख्खा.

साहेब फाटकातून आत आले. त्यांनी बल्ल्या पाहिल्या, लटारू पाहिला, खुर्चीतली खाकी पाहिली आणि तोंड उघडलं.

गुणवंतरावांनी एक बोट वर केलं.

ते इतक्या अधिकारानं वर गेलं होतं, की साहेबांचे पाय आपोआप जुळले. बाटलीत तळाशी थोडंच उरलं होतं. बाबूनं शेवटचा घोट घेतला, निपल सोडलं. गुणवंतरावांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं, आणि त्या हालचालीनं शर्टाचं बटण सुटून साहेबांच्या बुटापाशी जाऊन पडलं. पाठीवरून दोनदा हात फिरला. बाबूनं ढेकर दिला आणि झोपला.

"हे कोण?" साहेबांनी हळूच विचारलं.

"सासरे आहेत, सर," दिव्यानी म्हणाली.

"खात्यात कधी लागले?"

"लागले नाही, सर."

"अन् हा माल?"

"साहेबायनं जप्त केला जी," लटारू म्हणाला आणि खुर्चीकडं बोट दाखवलं. "एक शब्द नाई बोलले. नुसतं पाह्यलं. लय कडक मानूस हाये. साळ्याच्या घरच्याबी आणाव्या लागल्या."

साहेबांनी बल्ल्यांवरून नजर फिरवली. एवढा माल त्यांना गेल्या होळीपासून एकत्र दिसला नव्हता. खरं लिहावं तर फार लिहावं लागलं असतं.

"मॅडम, तुमच्या नावानं जप्ती दाखवा. पहिलाच दिवस आहे, चांगली सुरुवात आहे. याला समज द्या आणि बल्ल्या यालाच गाडीत चढवू द्या. साळ्यालाही बोलवा. आणि ही वर्दी," ते गुणवंतरावांकडं वळले, "पुन्हा अंगात दिसली तर गुन्हा दाखल करीन."

गुणवंतरावांनी जोरजोरात मान हलवली. साहेबांनी बटण उचलून खिशात टाकलं. पुरावा म्हणून, की टाचायला द्यायचं म्हणून, ते कळलं नाही.

दिव्यानीचं मात्र तिकडं लक्षच नव्हतं. तिनं खुर्चीखालची बाटली उचलून उलटी केली. थेंब पडला नाही.

"मामाजी, पुरं प्याला?"

इतका वेळ कोंडून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. गुणवंतरावांनी दुपट्टा खाली ओढला.

"मी म्हटलं होतं का नाई? अवो, ज्यानं चितळाचं पाडस पाजलं, त्याले हे काय हाये! तो गोऱ्हा होता ना, त्याचा मालक म्हणे, गुणवंतभाऊ..."

खांद्यावर बाबूचा ओठ थरथरला. डोळे उघडले. आणि गोऱ्हा तोंड उघडायच्या आत बाबूनं उघडलं.

दिव्यानीनं पुढं होऊन दुपट्ट्याची दोन्ही टोकं धरली, सासऱ्याच्या मिशांवरून नीट वर घेतली आणि मागं गाठ मारली. बाबूनं एक हुंदका दिला, इकडंतिकडं पाहिलं आणि पुन्हा झोपला.

वच्छलानं विळा भिंतीला टेकवला आणि ती गाठ हातानं चाचपून पाहिली.

"इतकी वर्सं झाली लग्नाले," ती म्हणाली, "मले काऊन नाई सुचलं हे?"