मुकी चकरी

लातूरला फिजिक्सचा क्लास चालवणारे रेणुकादास सर शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून एक चकरी खोलत बसले होते. भूकंपानंतर गावं पुन्हा बांधायला परदेशातून इंजिनिअर आले, त्यांतल्या ओलाफशी सरांची चांगली गट्टी जमली होती. गावकऱ्यांचं बोलणं सर त्याला इंग्रजीतून समजावून सांगत. चकरी ओलाफच्या मासे पकडायच्या गळाची. पिसांची खोटी माशी लावलेला दोरा हिच्यावर गुंडाळायचा. दोरा ओढला की ती करकर वाजे. हा आवाज बंद होईल का, असं ओलाफनं विचारलं आणि सर लगेच हो म्हणाले. नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

दोऱ्याचं रीळ सहज निघालं. आत एक दातेरी चाक होतं आणि त्याच्या दातांत नाक खुपसून बसलेला नखाएवढा पितळी खटका. खटक्यामागे बारीक स्प्रिंग. गुन्हेगार सापडला. सरांनी दोन्ही काढून टाकलं, आणि चकरी भुतासारखी गपचूप फिरू लागली.

सरांच्या पत्नी राजश्रीबाई शिवणयंत्रावरून उठून आल्या. "अहो, हे काय काढायलात? त्यानंच दोरा ताणून धरला असंल."

सरांनी त्यांना घर्षणावर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. बाईंनी ते ऐकता ऐकता खटका आणि स्प्रिंग उचलून पर्समध्ये टाकली.

रविवारी तिघं मांजरा धरणावर गेले. आवाज गेलेला पाहून ओलाफनं सरांची पाठ थोपटली. तासाभरानं एक दांडगी मरळ गळाला लागली. तिनं हिसका देताच चकरी अशी सुसाट सुटली, की हँडलनं ओलाफची बोटं सडकून काढली. मासा क्षणभर थांबला, पण चकरी काही थांबेना. दोऱ्याचा भलामोठा गुंता झाला, मरळ दोरा तोडून पसार झाली, आणि गुंता सोडवता सोडवता सरही कोपरापर्यंत त्यात अडकले.

शेवटी सरांनी खाली मान घालून सांगितलं, की चकरीतलं आपल्याला काही कळत नव्हतं. ओलाफ कानापर्यंत लाल झाला. चकरी त्याच्या सासऱ्याची होती आणि त्यालाही तिच्यातलं काही कळत नव्हतं, असं त्यानं कबूल केलं. आवाज म्हणजे बिघाड, असं त्याचं त्यानंच ठरवलं होतं.

राजश्रीबाईंनी पर्स उघडली. केसातल्या पिनेनं स्प्रिंग दाबून खटका जागेवर बसवला आणि मागची गोल खुंटी थोडी पिळली. चकरी करकरली. ओलाफनं वही काढून सगळे भाग नीट समजावून सांगायची त्यांना विनंती केली.

"ही खुंटी म्हणजे माझ्या शिलाई मशीनचं टेन्शन," बाई म्हणाल्या. "लई आवळलं तर दोरा तुटतो. ढिलं सोडलं तर गुंता."

सरांनी भाषांतर सुरू केलं. ते बरंच लांबलं आणि मध्ये दोनदा न्यूटन आला.

"अहो," बाई म्हणाल्या, "मी बोलले तेवढंच सांगा."