विमानाला लिंबू-मिरची

श्यामसुंदर देवधरांनी स्वतः बनवलेलं रिमोटचं विमान जमिनीवर डावीकडे पळत होतं आणि ते नेमकं व्याह्यांच्या देखत पळत होतं, ही खरी पंचाईत होती.

मुलाच्या लग्नात पंगतीला बसल्या बसल्या त्यांनी संपतरावांना सांगून टाकलं होतं, "विमान? अहो, मी घरी बनवतो." संपतराव मांजरी गावचे बागायतदार, शब्द लक्षात ठेवणारे. ऊस तुटलेल्या रानात त्यांनी रोलर फिरवून धावपट्टी केली आणि सगळी भावकी खुर्च्या टाकून बसवली. आता सदाशिव पेठेची अब्रू त्या थर्माकोलच्या पंखांवर होती.

काल गच्चीवर विमान सुतासारखं सरळ धावलं होतं. आज एवढंच झालं होतं, की विहीणबाईंनी, म्हणजे गोदाबाईंनी, नव्या गाडीची करावी तशी त्याची पूजा केली होती. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि दृष्ट लागू नये म्हणून डाव्या चाकाच्या तारेला एक टपोरं लिंबू आणि मिरच्या बांधल्या.

"अहो, ते लिंबू काढा," त्यांच्या पत्नी उल्काबाई कानाशी म्हणाल्या.

"विहीणबाईंनी बांधलंय! काढलं तर दिवाळसणापर्यंत ऐकावं लागेल. मी ट्रिमनं सांभाळतो."

विमान आपणहून एका बाजूला ओढत असलं, की रिमोटवरचं बारीक बटण दाबून सुकाणू दुसऱ्या बाजूला थोडं वळवून ठेवायचं, हे ट्रिम. श्यामसुंदरांचा हात मुळातच स्वस्थ बसणारा नव्हता. घरातला गीझर, मिक्सर, जे जे नीट चाललेलं असे, ते ते त्यांनी 'जरा बघून' दुरुस्तीला धाडलेलं होतं. त्यांनी उजवीकडे टिकटिक सुरू केली. विमान डावीकडच्या खुर्च्यांत घुसलं. आणखी टिकटिक केली. विमान शेणाच्या ढिगाकडे गेलं.

"व्याही, ह्ये उडतं का नुसतं पळतं?" संपतरावांनी अदबीनं विचारलं.

"जमिनीवरची चाचणी चाललीय."

"असू द्या, असू द्या. आमचं खोंड बी औताला जुपलं की आधी बांधाकडंच पळतंय."

भावकी हसली. श्यामसुंदरांचे कान तापले. त्यांनी ट्रिम पार टोकाला नेलं आणि वेग वाढवला. विमान सरळ धावलं! आणि उडता उडता ढेकळाला आपटून लिंबू तुटून पडलं.

आता डावीकडे ओढायला काही नव्हतं आणि सुकाणू मात्र उजवीकडे. विमान शेजारच्या उभ्या उसावरून गरगर फिरू लागलं. श्यामसुंदर रिमोटची दांडी डावीकडे दाबत. पण विमान तोंड करून समोर आलं, की त्याची डावी यांची उजवी होई. एकदा ते इतकं खाली आलं, की भावकी खुर्च्यांखाली गेली. श्यामसुंदरांनी घाबरून वेग तेवढा कमी केला. तेवढ्यात डोळ्यांत घाम गेला.

"धर!" त्यांनी रिमोट उल्काबाईंच्या हातात कोंबला आणि चष्मा पुसायला घेतला.

उल्काबाईंनी कशालाही बोट लावलं नाही. भाजीची पिशवी धरावी तसा रिमोट धरून त्या उभ्या राहिल्या. आणि ओढाताण थांबल्याबरोबर विमान शहाण्यासारखं मोठमोठे वळसे घेत उतरू लागलं आणि अलगद रानात टेकलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. गोदाबाई धावत आल्या. "इहीणबाई, काय उतरवलंत हो!"

"छे हो, मी काहीच केलं नाही."

"बघा, गर्व कसा तो न्हाई," संपतराव भावकीला म्हणाले. मग श्यामसुंदरांकडे वळून समजुतीच्या सुरात, "व्याही, बनवणं येगळं आन् उडवणं येगळं. वाईट नका वाटून घिऊ. जत्रंला इमान घेऊन या. इहीणबाई उडवतील, तुम्ही डिकीतनं काढून द्या."

श्यामसुंदरांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. परतीच्या तयारीत गाडीत बसल्यावर त्यांनी गुपचूप रिमोट मांडीवर ओढला आणि ट्रिम मधोमध आणायला बोट पुढे केलं.

"खबरदार," उल्काबाई म्हणाल्या. "मला जत्रेत उडवायचंय ते."