एका सेंटिमीटरला दहा किलो

सातवीच्या वर्गात एकोणचाळीस मुलं होती, बाई एक, पंखे दोन, त्यांतला चालू एक, बिलाच्या मशीनमध्ये घालतात तसल्या कागदाचे रोल सहा आणि गणवेशातले कॅप्टन एक. कॅप्टनना विमान कंपनीने पाठवलं होतं. मुलांना पर्यावरण शिकवायला वैमानिक पाठवावेत ही कल्पना ज्याची होती, तो स्वतः आला नव्हता.

तिसऱ्या बाकावरची मुलगी कॅप्टनची. पाच वर्षांत ते एकाही पालकसभेला आले नव्हते; वर्गात त्यांना 'अफवा' म्हणत. म्हणून सकाळी घरातून निघतानाच तिने बजावलं होतं, "बाबा, तास संपला की आपल्या दोघांचा फोटो. बाई काढणारेत."

"नक्की. बाराला ड्यूटीची गाडी येईल, त्याच्या आधी."

"तुझं 'नक्की' मला माहितीय."

पालकांच्या कामावर महिन्याला किती इंधन जळतं, ते मुलं घरून विचारून आली होती. कॅप्टननी फळ्यावर प्रमाण लिहिलं: एक सेंटिमीटर म्हणजे दहा किलो. तेवढी कागदाची पट्टी प्रत्येकाने कापून भिंतीला चिकटवायची. स्कूटरवाल्याच्या मुलाची सहा मिलिमीटर भरली. बसचालकाच्या मुलीची सव्वा मीटर.

"बघा, केवढा हा धूर!" कॅप्टन म्हणाले. वर्ग खो खो हसला.

"पप्पा एकटे नसतात हो काका," ती पोरगी लाल होऊन म्हणाली. "बसमध्ये पन्नास माणसं असतात."

"असू देत. चालवतो कोण? हिशेब त्याच्याच नावावर."

कॅप्टनच्या मुलीने लाल झालेल्या आपल्या मैत्रिणीकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "बाबा, आता आपली."

कॅप्टननी खडू उचलला. तासाला चोवीसशे किलो, महिन्याला सत्तर तास. आकडा थोडा कमी सांगता आला असता. पण इंधनाचा आकडा कमी सांगणारा वैमानिक निवृत्तीपर्यंत पोचत नाही. फळ्यावर एक लाख अडुसष्ट हजार उमटले. "आता याला एकशे ऐंशी प्रवाशांनी भागू."

"काका!" बसचालकाची मुलगी उभीच राहिली. "माझ्या पप्पांचं भागलंत का?"

"बरं, मग प्रमाण बदलू. सेंटिमीटरला एक टन."

"मग माझी पट्टी दिसणारच नाही!" स्कूटरवाल्याचा मुलगा ओरडला.

"नियम तुमचाच आहे, कॅप्टन," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज गोड होता.

रोल उलगडू लागले. दोन मुलं मीटरपट्टी घेऊन खुणा करत पुढे, बाकीची कागद धरून मागे. पट्टी भिंत ओलांडून व्हरांड्यात गेली. वाटेत शिपाई स्टुलावर बसला होता. "पर्यावरणाचं काम दिसतंय," तो म्हणाला. "कागद बराच लागतो."

"सुरुवातीचं शून्य कुणीतरी वर्गात धरून ठेवा," कॅप्टन म्हणाले. "पट्टी सैल पडता कामा नये. टोक मी नेतो."

"मी धरते," त्यांची मुलगी म्हणाली. "पण लवकर ये."

"हा आलोच."

व्हरांडा संपला, पायऱ्या संपल्या, मैदान संपलं. सहावा रोल फाटकाबाहेर गेला, तेव्हा कॅप्टन रस्त्यावर उभे होते आणि समोर ड्यूटीची गाडी.

"साहेब, बारा पाच झालेत," चालक म्हणाला. "विमान तुमच्यासाठी थांबेल, पण त्याचं कारण लिहून द्यावं लागेल."

तेवढ्यात ओळीतून निरोप आला. वर्गातून व्हरांड्यात, तिथून मैदानात, एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात: "बाई कॅमेरा घेऊन उभ्यात. फोटोला या."

कॅप्टननी घड्याळ पाहिलं. "सांग तिला, पुढच्या वेळी नक्की."

निरोप उलटा गेला. मैदानात मोठ्याने, पायऱ्यांवर हळू. व्हरांड्यात शिरला आणि ऐकू येईनासा झाला. कॅप्टन टोक धरून थांबले. चालकाने गाडीचं दार उघडून ठेवलं.

उत्तर यायला वेळ लागला. फाटकाशी बसचालकाची मुलगी होती. शेवटी ते तिनेच सांगितलं.

"काका, ती विचारतेय, शून्य सोडू का?"

"इतक्यात नको म्हणावं. शेवटची खूण व्हायचीय."

मीटरपट्टीवाल्या मुलाने वाकून कॅप्टनच्या बुटाशी रेघ मारली.

"एकशे अडुसष्ट मीटर, शून्य सेंटिमीटर."