पडद्यावरचा डोंगर

प्राध्यापकांनी ठरवलं, की आता आपल्या रेडिओला डोळे हवेत.

एवढं ठरवायला त्यांना चहाचा एकच घोट पुरला. पण त्या घोटाने पुढे घराची जी दाणादाण उडवली ती बघता, त्या दिवशी त्यांनी चहा घेतलाच नसता तर बरं झालं असतं, असं त्यांच्या बायकोचं मत आहे. (आईचंही. आणि आता क्लबातल्या सगळ्यांचंच.)

प्राध्यापक म्हणजे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा, तिशीच्या आतला, तळमळीचा आणि तेवढाच उतावळा तरुण. त्यांना हौशी रेडिओचा, म्हणजे घरातल्या यंत्रावरून लांबच्या माणसांशी हवेतून बोलायचा, नाद होता. नाद हा शब्द त्यांच्यासमोर काढायची मात्र सोय नव्हती; ते त्याला कर्तव्य म्हणत. रीतसर परीक्षा देऊन त्यांनी परवाना काढला होता, गच्चीवर अँटेना उभा केला होता आणि बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारच्या टेबलावर, आपला रेडिओ मांडला होता.

गेल्या वर्षी वादळ झालं, फोन मेले, वीज गेली. तेव्हा गावात आवाज पोचत होता तो फक्त या हौशी मंडळींचा. पण सगळे एकाच वेळी बोलत होते. त्या कालव्यात एका आजारी बाईंच्या औषधाचा निरोप पुन्हा पुन्हा देऊनही कुणाला धड कळला नाही. (बाई वाचल्या. पण औषधाऐवजी त्यांच्या दारात वाळूची पोती येऊन पडली.) ती गोष्ट प्राध्यापकांच्या मनाला फार लागली. या मंडळींच्या क्लबाने ठरवलं, की संकटकाळासाठी एक नियंत्रक नेमायचा. कुणी कधी बोलायचं, कुणी कधी गप्प बसायचं, हे तो सांगणार. ती खुर्ची आपल्यालाच मिळाली पाहिजे, याचा प्राध्यापकांनी ध्यास घेतला. निवड महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळच्या हजेरीत, रेडिओवरच, व्हायची होती.

"आणि नियंत्रकाला सगळं दिसलं पाहिजे!" प्राध्यापक कप आपटून म्हणाले.

"दिसलं म्हणजे?" बायकोने विचारलं. ती बालवाडीत शिकवायची आणि त्या वेळी दुसऱ्या दिवशीसाठी कागदाचे ससे कापत बसली होती.

"स्पेक्ट्रम डिस्प्ले! रेडिओलहरींचा सगळा पट्टा पडद्यावर पसरलेला दिसतो. जिथे कुणी बोलतंय तिथे उंचवटा येतो. लांबच्याची टेकडी, जवळच्याचा डोंगर. आणि खाली तेच रंगांनी ओघळत राहतं, धबधब्यासारखं."

"म्हणजे कोण बोलतंय ते दिसतं?"

"बरोबर!"

"ऐकू येत नाही का?"

"येतं ना."

"मग बघायचं कशाला?"

एका सुशिक्षित बाईने असा प्रश्न विचारावा! मग प्राध्यापकांनी उत्तर दिलं, ते इतकं सविस्तर, की उत्तर संपलं तेव्हा सगळे ससे कापून, रंगवून, वाळत घालून झाले होते. (क्लबातही ते 'थोडक्यात सांगतो' म्हणाले, की लोक उशी शोधत.)

आता प्रश्न उरला निवडीचा. डिस्प्ले तरी कुठला? एक होता स्वतःचा पडदा असलेला डबा, पण तो पडदा बिस्किटाएवढा. दुसरा म्हणजे नवा रेडिओच घ्यायचा, ज्याच्या तोंडावरच डिस्प्ले असतो. पण तो विषय निघताच बायकोने कात्री खाली ठेवली, आणि विषय तिथेच मिटला. तिसरा होता अंगठ्याएवढा एक रिसीव्हर. तो लॅपटॉपला खोचला की लॅपटॉपच डिस्प्ले होतो. प्राध्यापकांनी पसंतीपूर्वी कित्येक रात्री व्हिडिओ पाहिले, आईलाही शेजारी बसवून दाखवले. आई प्रत्येक व्हिडिओनंतर म्हणायची, "हा मुलगा चांगला वाटतो. लग्न झालंय का याचं?"

शेवटी तो अंगठ्याएवढा रिसीव्हर घरात आला. लॅपटॉपचा पडदा अपुरा, म्हणून निवडीच्या रविवारी दुपारी प्राध्यापकांनी लॅपटॉप थेट टीव्हीला जोडला. रिसीव्हर रेडिओच्याच अँटेनाला लावला असता तर रेडिओच्या ताकदीने तो पहिल्याच शब्दाला जळून गेला असता. म्हणून त्याच्यासाठी वेगळी वायर खिडकीच्या गजांवरून फिरवली. हे सगळं करताना दोन्ही हात गुंतलेले, आणि संध्याकाळी क्लबाशी बोलायचं तर बटण दाबून धरावं लागणार. तेव्हा त्यांनी रेडिओवरची एक खास सोय चालू करून ठेवली: माणसाचा आवाज माइकवर पडला, की रेडिओ आपणहून प्रक्षेपण सुरू करतो. बटणाची कटकटच नको. हे सगळं होईतो संध्याकाळ झाली. हेडफोन काढून टेबलावर ठेवले, क्लबाचं स्टेशन लावलं आणि टीव्ही सुरू केला.

निळ्याशार पडद्यावर बारीक गवत उगवावं तसा आवाजांचा थर थरथरत होता. प्राध्यापकांचा ऊर भरून आला.

"अगं, ये ना इकडे! बघ तरी!" त्यांनी हाक मारली.

आणि पडद्याच्या मधोमध एक अक्राळविक्राळ डोंगर उठला.

प्राध्यापक दचकून मागे सरले. बायको धावत आली. आईही आली, कारण तिच्या मालिकेची वेळ झाली होती.

"हे काय?" बायको म्हणाली. डोंगर पुन्हा उठला.

"कुणीतरी उद्धट मनुष्य आहे!" प्राध्यापक कडाडले. "आपल्या क्लबाच्या स्टेशनवर ठाण मांडून बसलाय! आणि केवढी ती ताकद! बघ, शेजारचं सगळं झाकून टाकलंय. अशा माणसांमुळे वादळात माणसं मरतात!"

डोंगर रागाने थयथयाट करत होता.

"माझी मालिका कुठे गेली?" आईने विचारलं.

"आई, थांब गं, इथे समाजाचा प्रश्न आहे."

"लहानपणापासून हा असाच आहे," आई सुनेला म्हणाली. "रेडिओतली माणसं बाहेर काढायची म्हणून पेचकस घेऊन बसला होता, आणि एकही निघालं नाही म्हणून दिवसभर रडला. छकुल्या, माझी मालिका लाव."

"आई, मला छकुल्या म्हणू नकोस! मी प्राध्यापक आहे!"

"हेडफोनमधून काहीतरी चिवचिवतंय," बायको म्हणाली.

"खरखर असते ती. हे बघ, हे बघ! तो जरा थांबला की बाजूच्या लहान टेकड्या कशा उसळतात! बाकीचे त्याला गप्प बसायला सांगताहेत. पण ऐकेल तर शपथ! निर्लज्ज!" प्राध्यापकांना आता स्फुरण चढलं. "आणि आमचे अध्यक्ष काय करताहेत? डेंटिस्ट ना ते! समोरचा तोंड उघडून गप्प पडलेला असतो, त्यालाच दरडावायची सवय. असा कुणी बोलणारा भेटला की बसली दातखीळ! त्यांचा अँटेना बघितलास का? त्यांनी बसवलेल्या कवळीसारखा, वारा आला की हलतो. आज मी नियंत्रक झालो की पहिलं काम..."

"एक मिनिट," बायको म्हणाली. "गप्प बस."

"मी का गप्प बसू? त्याला सांग!"

"बस म्हणते ना."

प्राध्यापक गप्प बसले. डोंगर गपकन खाली बसला.

"आता बोल."

"काय बोलू?"

डोंगर उठला.

"आई, तुम्ही बोला."

"मी काय बोलू बाई, त्या मालिकेत आज सासरा शुद्धीवर येणार होता..."

डोंगर उठला, आणि सासरा शुद्धीवर येईपर्यंत तसाच उभा राहिला.

प्राध्यापकांच्या पायाखालची जमीन सरकली म्हणावं, तर ती सरकायलाही काही वेळ लागतो. इथे एकदम सगळं नाहीसंच झालं. तोंड उघडं, डोळे टीव्हीवर, हातात वायरचं टोक. ज्याने पट्टा अडवला तो उद्धट मनुष्य, तो निर्लज्ज, तो समाजद्रोही, तो... त्यांनी हेडफोन उचलून कानाला लावले. आत बाजार भरला होता. एक जण ओरडत होता, एक जण हसून हसून ठसकत होता, आणि त्या सगळ्यातून डेंटिस्टांचा खणखणीत आवाज येत होता, "छकुल्या! अरे छकुल्या, ते बंद कर आधी!"

प्राध्यापकांच्या हातून हेडफोन गळून पडले. पडद्यावर टेकड्या एकमेकींच्या डोक्यावर चढल्या होत्या. अगदी तसंच, जसं वादळाच्या रात्री झालं असणार.

त्यांना हललं काही जाईना. हात पुढे करून ती सोय बंद करायची, एवढंसं काम. पण बोटंसुद्धा रजेवर गेली होती.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. मग ती टेबलाजवळ गेली, आणि रोज सकाळी वर्गात शिरताना लावते तोच आवाज लावला.

"सगळ्यांनी तोंडावर बोट."

पडद्यावर एक डोंगर उठला आणि बसला. मागे गवतसुद्धा हललं नाही.

"छान. आता एका वेळी एकानेच बोलायचं. आधी आपलं नाव सांगायचं, मग काय ते थोडक्यात सांगायचं, आणि झालं की 'झालं' म्हणायचं. मधे कुणी बोलायचं नाही. डॉक्टर, तुमच्यापासून."

(परवाना नसताना हवेत बोलणं नियमात बसत नव्हतं. प्राध्यापक हे तिला सांगणारही होते, पण त्यासाठी आधी उघडं तोंड मिटायला हवं होतं.)

एक टेकडी उठली, बसली. दुसरी उठली, बसली. वादळाच्या वेळी एकमेकांचे गळे धरणारे सगळे गुणी बाळांसारखे ओळीने बोलत होते. एक जण मधेच घुसला, तेव्हा ती म्हणाली, "तुला विचारलं का रे बाळा?" आणि ती टेकडी चक्क अर्ध्या उंचीवरून परत फिरली. (तो बाळ निवृत्त पोलिस होता.) हजेरी अशी झटपट आटोपली, की आईला मालिकेचा शेवट तरी सापडला असता, पण तीही तोंडावर बोट ठेवून बसली होती.

मग बायकोनेच ती सोय कुठून बंद होते ते हुडकून काढलं आणि बंद केली.

थोड्या वेळाने फोन वाजला. डेंटिस्ट होते.

"डॉक्टर," प्राध्यापक पुटपुटले, "त्या कवळीबद्दल मी जे काही..."

"ते राहू दे. निवड झाली."

"झाली?"

"एकमताने. तुझी बायको."

प्राध्यापकांना बसायला खुर्ची सापडेना. "पण तिला... परवाना..."

"पुढच्या परीक्षेला बसव. तोवर मी सांभाळतो. तूच सांग, आज त्या बाईंच्या औषधाचा निरोप पोचला असता की नाही?"

प्राध्यापकांनी खोलीत पाहिलं. बायको सोमवारच्या वर्गासाठी नवे ससे कापायला बसली होती. त्यांच्या मनात कितीतरी मुद्दे आले, उपमुद्दे आले. पण त्यांना ती वाळूची पोती आठवली.

"पोचला असता," ते म्हणाले. एवढंच. इतके मुद्दे असूनही, जन्मात पहिल्यांदा, त्यांचं म्हणणं दोन शब्दांत संपलं.

"शाबास. आणि तुझं ते दुसरं म्हणणंही मंजूर झालंय. स्पेक्ट्रम डिस्प्ले. क्लबातला प्रत्येक जण घेणार."

प्राध्यापक ताडकन उभे राहिले. खुर्ची गेली तर गेली, तत्त्व तरी जिंकलं! "पटलं ना अखेर? मी किती दिवस कंठशोष करतोय! नेमकं काय पटलं, डॉक्टर? संकटात सगळा पट्टा एका नजरेत..."

"नाही रे बाबा. तू बोलायला लागलास की पडद्यावर डोंगर दिसतो. तो दिसला की हेडफोन काढायचे आणि निवांत जेवून यायचं. डोंगर बसला की परत कानाला लावायचे."